अप्पांची मिरची आणि चांदीचं पाणी

माझा स्वभाव तिखट आहे हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही, आणि मिरचीच्या व्यापाऱ्याच्या पोटी जन्मलेली मुलगी गोड निघावी अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी, हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडजवळच्या कॉलेजात तेच ते रसायनशास्त्र शिकवून कंटाळल्यावर, मी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, की डबा एक लागेल की दोन. आठवड्यातले तीन दिवस मी हुबळीहून बसने धारवाडच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले. बसायला जागा मिळायची ती रायापूर आल्यावर, म्हणजे उतरायची वेळ झाल्यावर. याचा राग मी प्रयोगशाळेत जाऊन काढायची.

विषय मी घरचाच घेतला होता. लाल मिरचीच्या पुडीत रंग खुलवायला काही लोक रोडामाइन नावाचा गुलाबी रंग मिसळतात. तो कापडाचा रंग, खाण्यात त्याला बंदी आहे. तो पकडायची पद्धत मला बसवायची होती. कुठल्याही पदार्थावर लेसरचा झोत टाकला की त्यातला अगदी थोडा प्रकाश रंग बदलून परत येतो, आणि हा बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. याला रामन विकिरण म्हणतात. अडचण अशी की परत येणारा प्रकाश फार क्षीण असतो, चिमूटभर भेसळीचा यंत्राला पत्ताही लागत नाही. पण तोच पदार्थ चांदीच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटून बसला, तर त्याची खूण लाखो पटींनी मोठी होते. जुन्या हुबळीत सकाळी स्वयंपाकघरात नवराबायको जे हळू आवाजात बोलतात ते दुपारपर्यंत चार गल्ल्यांना कसं ऐकू जातं, हे ज्याने पाहिलंय त्याला हे तत्त्व वेगळं समजावावं लागत नाही. तिथे चांदीचे कण नसतात, शेजारी असतात.

हे चांदीचे कण आम्हीच तयार करायचो. सिल्व्हर नायट्रेटचं पाणी उकळायचं, त्यात सायट्रेट घालायचं, आणि भांड्याच्या तळाशी चुंबकाची पांढरी गोळी फिरत ठेवायची म्हणजे आपोआप ढवळलं जातं. पाणी आधी पिवळं होतं, मग मळकट हिरवं. त्याची बाटली मी एकदा अप्पांना दाखवली तेव्हा त्यांनी ती उन्हात धरून पाहिली आणि "चांदीचं पाणी" असं तिचं नाव ठेवलं. पुढे सरसुद्धा तेच म्हणू लागले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. भला माणूस, पण आलेख समोर आला की त्यांना कुणी सगासोयरा उरत नसे.

अप्पांबद्दल सांगायचं तर त्यांचं दुकान जुन्या हुबळीत, पुढे दुकान आणि मागे घर. आजोबा मिरजेकडून आले आणि इथे मिरची विकत बसले, अप्पांनी तीच गादी चालवली. मिरची आणायला ते स्वतः ब्याडगीला जायचे, पोत्यात हात कोपरापर्यंत घालून तळातली मिरची वर काढायचे, घरी आणून देठं काढवायचे, गच्चीवर वाळवायचे आणि गिरणीत पूड होईपर्यंत स्टूल टाकून समोर बसायचे. दुकानाच्या पाटीवर "शुद्ध" हा शब्द नव्हता. ज्याला शुद्ध म्हणून लिहावं लागतं त्याच्याकडे दोनदा बघावं, असं ते म्हणत. शहात्तर वर्षांच्या माणसाकडे अभिमान बाळगायला फार गोष्टी नसतात. त्यांच्याकडे ही एक होती.

दसऱ्यापर्यंत माझं काम बरं चाललं होतं. बाजारातल्या काही पुड्यांत रंग सापडला, काहींत नाही सापडला. कोरी चाचणीही केली होती. म्हणजे मिरची न घालता नुसतंच चांदीचं पाणी आणि साधं पाणी यंत्राखाली ठेवायचं, आणि तिथे काही दिसत नाही याची खात्री करून घ्यायची. काही दिसलं नव्हतं. मी तो कागद फायलीत लावला आणि निश्चिंत झाले.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी रिक्षापासून तराजूपर्यंत सगळ्याची पूजा होते, तर प्रयोगशाळा कशी मागे राहील? आमच्या विभागाचा शिपाई, त्याला सगळेच अण्णा म्हणायचे, तीस वर्षं ही पूजा करत आला होता. आदल्या आठवड्यात त्याने मला बजावलं, "अक्का, निम्म अंगडी कुंकुमा तर्री." तुमच्या दुकानातलं कुंकू आणा, ते चांगलं धरतं आणि उठून दिसतं, असं त्याचं मत. अप्पांच्या दुकानात मागच्या फळीवर पूजेचं सामानही असायचं. मी एक पुडा घेऊन गेले.

पूजा साग्रसंगीत झाली. वाहनाच्या चाकाखाली लिंबं ठेवून ती चिरडायची असतात, पण लेसरच्या यंत्राला चाकं नाहीत. अण्णाने यंत्राच्या पायांखाली लिंबं ठेवून टेबल जरा उचलू या असं सुचवलं, तेव्हा सरांनी दोन्ही हातांनी यंत्राला कवटाळलं, कारण ते केसभर हललं तरी पुन्हा जुळवायला तीन आठवडे जातात. बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की सरांच्या फिरत्या खुर्चीला चाकं आहेत आणि विभाग तसा सरांवरच चालतो. सरांना खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी ती खुर्ची चार लिंबांवरून ढकलली. तीन चिरडली, चौथं कपाटाखाली गेलं. सर उठले आणि त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

अण्णाचा नियम असा होता, की जे जे काम करतं त्या प्रत्येकाला कुंकवाचा ठिपका. यंत्राला लावला, संगणकाला लावला, पाण्याच्या मशीनला, तराजूला, वर्गणीच्या वहीलासुद्धा लावला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी त्याने ओल्या फडक्याने सगळं पुसून, विसळून लख्ख केलं. त्याच आठवड्यात चांदीच्या पाण्याची जुनी बाटली संपली, मी नवी केली.

इकडे गल्लीत वेगळंच चाललं होतं. अप्पांच्या समोरच्या दुकानदाराची आणि अप्पांची शाळेपासूनची दोस्ती, आणि तेवढीच जुनी कुरबूर. तो पाकिटातली तयार पूड विकायचा. एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, की ब्याडगी झाली तरी एवढा लालभडक रंग देवाने दिलेला वाटत नाही. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अप्पांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की माझ्या मुलीकडे एक यंत्र आहे, ते कणभर लबाडीही धरतं, माझी पूड त्याच्यापुढे ठेवू. लगेच पुडी बांधली गेली. कुणी मध्ये फेरफार केला असं व्हायला नको म्हणून पुडीवर गल्लीतल्या पाच जणांनी सह्या केल्या. त्यात समोरचा दुकानदार होता, एक शिंपी होता, आणि सही येत नाही म्हणून अंगठा उठवणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचा अंगठा मिरचीचाच उठला.

पुडी घेऊन निघाले तर आणखी चौघांनी आपापलं सामान दिलं. एकाने तूप दिलं. शिंप्याने दोऱ्याची रीळ दिली, सुती आहे की नाही ते बघा म्हणाला. एका बाईंनी होणाऱ्या जावयाने अर्धवट टाकलेला चहा बाटलीत भरून दिला आणि कानात सांगितलं, की हा पितो काय तेवढं कळलं पाहिजे. मी तो चहा बसस्टॉपवर ओतून दिला. लग्न पुढे झालं, बरं चाललंय.

बुधवारी मी अप्पांची पुडी फोडली. कणभर पूड, चांदीच्या पाण्याचा थेंब, वर लेसर. पडद्यावर रेघ उमटत गेली आणि मला पुढचं शिखर कुठे येणार ते आधीच कळायला लागलं, कारण वर्षभर मी तेवढंच पाहत आले होते. रोडामाइन होतं. मी दुसरा थेंब घेतला. रोडामाइन. तिसरा घेतला, पुन्हा तेच. सर मागून आले, चष्मा वर करून म्हणाले की अगदी पुस्तकात छापावा असा आलेख आहे, नमुना कुठला? मी म्हटलं, जुन्या हुबळीतल्या एका दुकानाचा. त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं, "शहरातलं नामांकित दुकान". मी "नामांकित" लिहिलं नाही.

खरं सांगते, मला अप्पांचा संशय आला. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा आला. तो लाल रंग मी लहानपणापासून पाहत होते, आणि त्या दिवशी बसमध्ये पहिल्यांदा मला वाटलं, की समोरचा म्हणतो ते बरोबर, एवढा रंग येतो कुठून? वडिलांना आपण ओळखतो असं आपण धरून चालतो. कागदावर चार शिखरं उभी राहिली आणि माझी ती समजूत डळमळली. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग यंत्राचा की माणसाचा ते ठरत नव्हतं.

शनिवारी दुपारी मी आईवडिलांकडे जेवायला गेले. अप्पांनी रिपोर्ट विचारला, मी सांगितलं की यंत्र दुरुस्तीला आहे. आईने भाकरी वाढली, झुणका वाढला, लाल चटणी वाढली, वर तेल घातलं. मी जेवले आणि उठले. हात धुऊन परत आले तर अप्पा माझ्या ताटाकडे बघत बसले होते. ताटात चटणी तशीच होती. चाळीस वर्षांत मी त्या घरात चटणी टाकून उठले नव्हते.

सोमवारी दुकानात गिऱ्हाइकाला उत्तर मिळालं, मिरची पूड नाही. मंगळवारीही नाही. अप्पांनी मला एक शब्द विचारला नाही, त्यांनी सरळ तपास सुरू केला. आधी गिरणीवर संशय. ते सकाळपासून स्टूल टाकून गिरणीत बसू लागले, दुसऱ्यांचे गहू दळतानाही पात्यांकडे बघू लागले, शेवटी गिरणीवाल्याने हात जोडले. मग पोत्यांवर संशय. मग देठं काढायला येणाऱ्या बाईवर. ती वीस वर्षं आमच्याकडे येत होती, तिने आठ दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. सगळे संशय संपल्यावर त्यांनी तो स्वतःवर घेतला. आईला विचारू लागले, मी हल्ली विसरतो काय? पाकिटातली पूड चुकून आपल्या डब्यात ओतली असेन काय? आई म्हणाली की पाकिटातली पूड या घरात आलीच कुठे होती. त्यांचं समाधान झालं नाही.

आणि मग त्यांनी ते केलं. एक कापडी पिशवी घेतली आणि गेल्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी पूड नेली त्यांच्या दारात जाऊन ती परत मागू लागले. कुणी म्हणालं लोणच्यात घातली, कुणी म्हणालं खाल्ली. एका घरी त्यांना लोणच्याची बरणीच आणून दाखवली, काढून घ्या म्हणाले. सह्यांतल्या त्या अंगठेवाल्या आजींनी दारातच सुनावलं, की पंचवीस वर्षं खाल्ली आणि अजून जिवंत आहे, आता परत काय मागता, आतडी देऊ काय काढून? अप्पा रिकामी पिशवी घेऊन परत आले. पण गल्लीला जे कळायचं ते कळलं. ज्याची पूड चोख तो परत मागायला कशाला येईल?

समोरच्या दुकानदाराला आनंद व्हायला हवा होता. तो घाबरला. याच्या पुडीत निघालं तर माझ्या पाकिटांचं काय होईल, म्हणून त्याने आपली पाकिटं आत ठेवून दिली. त्याचं बघून कोपऱ्यावरच्याने ठेवली. दोन आठवड्यांत अशी गत झाली, की जुन्या हुबळीच्या त्या गल्लीत चार किराणा दुकानं आणि मिरची कुणाकडेच नाही. लोक हिरव्या मिरचीवर दिवस काढू लागले. भजीवाल्याचं बरं चाललं.

मी पुरावा शोधत होते, कुणाच्या बाजूचा ते मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या पेठेतल्या पुड्या आणल्या, सगळ्यांत रोडामाइन. माझ्या स्वतःच्या गच्चीवर कुंडीत एक मिरचीचं रोप होतं, त्याच्या चार मिरच्या वाळवून खलबत्त्यात कुटल्या. त्यांतही रोडामाइन. इथे कुठल्याही शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. सरांनी मात्र खुर्चीवरून उठून फळ्यावर लिहायला सुरुवात केली. त्यांचा सिद्धांत असा, की कापडाचा रंग नाल्यातून जमिनीत गेला, जमिनीतून मुळांत, मुळांतून फळात, आणि आता हुबळी-धारवाडात रंग मिसळावाच लागत नाही, तो झाडालाच लागतो. त्यांनी बाण काढले. बाणांचा शेवट माझ्या गच्चीवरच्या कुंडीत होत होता. मी म्हटलं, सर, कुंडीतली माती विकतची आहे. ते म्हणाले, मग विकतची माती तपास.

मी माती तपासली, मातीत निघालं. मीठ तपासलं, मिठात निघालं. सरांनी अत्यंत समाधानाने मान हलवली. ते सांगत होते की हा शोध आपल्याला फार लांब नेणार, आणि मलाही वाटत होतं की लांबच गेलेलं बरं. त्याच भरात, दुपारच्या चहाबरोबर सरांनी रोजचा एक पेढा खाल्ला तेव्हा त्यांच्या बशीतला चुरा मी यंत्राखाली ठेवला.

पेढ्यातही रोडामाइन निघालं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मिरचीचं त्यांना पटलं होतं, मातीचं पटलं होतं, माझ्या कुंडीचं तर फारच पटलं होतं, पण पेढ्याबद्दल हे मान्य करायला धारवाडचा माणूस तयार नव्हता. "पेढा खोटं बोलणार नाही," ते कन्नडमध्ये म्हणाले, "आपणच कुठेतरी चुकतोय. कोरी चाचणी पुन्हा कर."

कोरी चाचणी माझ्या फायलीत होती. पण ती जुन्या बाटलीवर केलेली होती. दसऱ्यानंतरच्या नव्या बाटलीवर मी ती केलीच नव्हती, कारण एकदा केली की झाली, ते काही दर चतुर्थीचं व्रत नाही, असं मीच एकदा म्हटलं होतं. दर वर्षी पहिल्या तासाला पोरींना मी सांगते की कोरी चाचणी चुकवाल तर अख्खा प्रयोग वाया. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी मिरची, मीठ, माती, पेढा काहीही न घालता नुसतं पाणी आणि चांदीचं पाणी यंत्राखाली ठेवलं. रोडामाइनची सगळी शिखरं ओळीत उभी राहिली. साधं पाणी भेसळीचं निघालं.

दोन दिवस आम्ही एकेक वस्तू बदलत गेलो. नायट्रेटची नवी बाटली आणली, नवं पाणी, नवी काचपात्रं. रोडामाइन जाईना. अण्णा दारात उभा राहून आम्ही एवढी चांदी ओतून टाकतोय हे बघून हळहळत होता. तिसऱ्या वेळी मी भांडं रिकामं केलं तेव्हा तळाशी चुंबकाची ती पांढरी गोळी राहिली. ती कुणी बदलली नव्हती. मी तिला चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं. गोळीला केसाएवढी चीर गेली होती, आणि चिरेत गुलाबी रेघ होती.

मी अण्णाकडे बघितलं. त्याने काहीच लपवलं नाही, उलट थोडा अभिमानानेच म्हणाला, "मदल अदक्क हच्चेनरी." पहिला ठिपका त्यालाच लावला. त्याचं म्हणणं असं, की सगळी यंत्रं काम करून थांबतात, ही बिचारी गोळी मात्र उकळत्या पाण्यात तासन्‌तास फिरते, मग पहिला मान तिचा नको? नंतर त्याने ती विसळलीही होती. डोळ्यांना दिसणारं सगळं गेलं होतं. पण डोळ्यांना न दिसणारं बघायलाच तर आम्ही हे चांदीचं पाणी करत होतो, आणि तेच पाणी त्या गोळीच्या पोटातून जन्माला येत होतं. गोळी घाण झाली होती असं मी म्हटलं तेव्हा अण्णा दुखावला. देवाच्या कुंकवाला घाण म्हणू नये, आणि पूजेपासून यंत्र एकदाही बंद पडलं नाही हे तरी मान्य करा, असं तो म्हणाला. ते मान्य करावंच लागलं. यंत्राने तेव्हापासून सुट्टीच घेतली नव्हती.

उरलेल्या पुड्यातलं कुंकू मी यंत्राखाली ठेवलं. रेघ वर गेली ती पडद्याबाहेरच गेली. कुंकवात हळद शोधूनही सापडेना, जे होतं ते कापडाचा रंग होतं. मग मी नवी गोळी घेतली, नवं चांदीचं पाणी केलं, आधी कोरी चाचणी केली, आणि सर मागे उभे असताना पाच सह्यांची ती पुडी पुन्हा उघडली. रोडामाइनच्या जागी सपाट रेघ आली. मिरचीचा रंग मिरचीचाच होता. मी स्टुलावर बसले आणि सरांसमोर, अण्णासमोर ढसाढसा रडले. सरांनी पेढ्याची बशी माझ्यापुढे सरकवली.

त्याच दुपारी मी आलेख छापून घेतला आणि बस धरली. रायापूरच्या आधीच कुणीतरी मला जागा दिली, बहुधा माझा चेहरा बघून. गल्लीत पोचले तेव्हा समोरच्या दुकानदाराने कागद हातात घेतला, उलटा धरला, बराच वेळ वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की यात काही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं शिंपी म्हणाला. अंगठेवाल्या आजी म्हणाल्या की आम्हाला माहीतच होतं. समोरच्याने त्याच पावली आपली पाकिटं पुन्हा बाहेर मांडली. देठं काढणाऱ्या बाईला निरोप गेला. अप्पा सगळ्यांकडे बघून मान हलवत होते, पण हसत नव्हते. माणसं पांगल्यावर ते आत आले, खाली बसले आणि मला विचारलं, "मग रंग होता कुठला?"

यंत्राची चूक म्हणून सांगता आलं असतं. तेही खोटं झालं नसतं. पण एकदा खोटं बोलून मी तीन आठवडे त्यांना गल्लोगल्ली हिंडवलं होतं. मी सांगितलं, "अप्पा, आपल्या दुकानातल्या कुंकवाचा."

अप्पा हळूच म्हणाले की कुंकू ठोकातून येतं, पोत्यात हात घालून कधी बघितलं नाही, ते कोण खातं म्हणून. एवढं बोलून त्यांची नजर आईकडे गेली. आई समोरच मेथी निवडत बसली होती, तिच्या कपाळावर रोजच्यासारखं ठसठशीत कुंकू होतं. त्याच्या भोवती काळसर डाग होता आणि कातडी खवल्यांची झाली होती. किती वर्षं ती सांगत होती की खाजतं, आग होते. डॉक्टरांनी मलमं दिली, त्यांनी काही झालं नाही. अप्पांचं ठरलेलं उत्तर असायचं, की कुंकू कधी खाजत नसतं, तुला नखं लावायची सवय. आणि डबी संपली की तेच दुकानातली नवी आणून देत.

अप्पा उठले. खांद्यावरच्या पंच्याचं टोक त्यांनी तांब्यात बुडवलं, आईसमोर बसले आणि तिच्या कपाळावरचं कुंकू पुसायला लागले. आईने दचकून त्यांचं मनगट धरलं. मीही उभी राहिले. आमच्याकडे बाईचं कुंकू कधी पुसलं जातं ते सांगायची गरज नाही.

आई म्हणाली, "अहो, हे काय करताय? तुम्ही आहात की अजून."

"आहे म्हणूनच पुसतोय," अप्पा म्हणाले.

आईने हात सोडला. ते पुसत राहिले. पंच्याचं टोक गुलाबी झालं, त्यांची बोटं गुलाबी झाली, त्यांनी दुसरं टोक भिजवलं. रंग पक्का होता, लवकर निघेना, आणि खालचा काळा डाग तर हलणारच नव्हता. आई डोळे मिटून, मांडीवरची मेथी दोन्ही हातांनी धरून बसली होती.